पनवेलला श्वास घ्यायला जागा आहे का?

आमच्या दहावीच्या बॅचला एक पेपर कायमचा माफ आहे. २३ मार्च २०२० चा भूगोल. आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच केला आणि मार्क दिले ते बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून. सगळे खूश. पण गंमत बघा, लेखी पेपर रद्द झाला आणि त्याच आठवड्यात भूगोलाची प्रॅक्टिकल सुरू झाली. आपल्या खिडकीत वारा कुठून येतो, भाजी किती पावलांवर मिळते, कामावर जायला आई-बाबा किती किलोमीटर कापतात, बिल्डिंगमधून आकाश कुठून दिसतं, हे सगळं त्या दोन वर्षांत पनवेलकरांना पाठ झालं. मग मास्क खाली आले आणि आपण ते विसरलोही.

आता पुन्हा आठवायचं कारण सोपं आहे. पनवेल सध्या सुसाट सुटलंय. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, खारघरमधून पेंधरपर्यंत मेट्रो धावतेय, विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली. ज्या शहरात आपल्यातले बरेच जण पुढे भाड्याने राहणार आहेत, ईएमआय भरणार आहेत, ते शहर आज बांधलं जातंय. साथ पुन्हा कधी येईल हे कुणालाच सांगता येणार नाही. ती आली तर हे शहर आपल्याला सांभाळून घेईल की नाही, हे मात्र बऱ्यापैकी आजच ठरतंय.

लोकल बंद, पण कामाला सुट्टी नाही

पनवेलमध्ये कोविड कसा आला ते आठवा. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला कळंबोलीत सीआयएसएफचे अकरा जवान पॉझिटिव्ह निघाले. ड्युटी मुंबई विमानतळावर, मुक्काम कळंबोलीत. त्यानंतर जे रुग्ण सापडत गेले त्यातही हाच पॅटर्न वारंवार दिसला. मुंबईतल्या हॉस्पिटलात काम करणारी नर्स, बेस्टचा कर्मचारी, पोलीस, सफाई कामगार. दिवसभर मुंबईत, रात्री कामोठे, खारघर, नवीन पनवेलमध्ये. अत्यावश्यक सेवेतल्या लोकांची राहायची सोय मुंबईतच करा, अशी मागणी तेव्हा आजूबाजूच्या शहरांतून होत होती. त्याचा सामाजिक त्रास किती झाला हे ज्यांच्या घरात असं कुणी होतं त्यांना विचारा. सकाळी टाळ्या-थाळ्या, संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर चौकशी.

पण दोष त्या नर्सचा नव्हता, शहराच्या रचनेचा होता. आणि ही रचना अशी व्हावी असं कुणी ठरवलंही नव्हतं, उलट नेमकं याच्या विरुद्ध ठरवलं होतं. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या मासिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. कल्पना अशी की मुंबई उत्तरेकडे शेपटीसारखी लांबत चाललीय, माणसं रोज दक्षिणेला कामाला जाऊन परत येतात, तर कामंच खाडीच्या या बाजूला आणू. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. एकच मोठं केंद्र नको, प्रत्येक नोडमध्ये घर, शाळा, बाजार, बाग आणि नोकरी. पॅरिसच्या महापौरांनी २०२० च्या निवडणुकीत ‘पंधरा मिनिटांचं शहर’ म्हटलं आणि जगभर त्याची चर्चा झाली. आपल्याकडे त्याची मांडणी अर्ध्या शतकापूर्वीच झाली होती!

मग अडलं कुठे? सरकारी कार्यालयं खाडी ओलांडून आलीच नाहीत. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून नवे टॉवर उभे राहिले. सेक्टरमध्ये शाळा, बाग, बाजार झाले, नोकरी मात्र पलीकडेच राहिली. १९९८ मध्ये हार्बर लाइन पनवेलपर्यंत आली आणि सोय झाली ती मुंबईला जाण्याची. आजही सीएसएमटी ते पनवेल सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो, आणि पनवेलहून सुटणारी गाडी बेलापूर-नेरूळपर्यंत ठासून भरते. साथीच्या दृष्टीने बघा. बंद डबा, खांद्याला खांदा, सव्वा तास, दिवसातून दोनदा. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल बंद झाली, जूनच्या मध्यात फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली आणि लसीचे दोन डोस घेतलेल्या सामान्य प्रवाशांना १५ ऑगस्ट २०२१ पासून आत जाता आलं. म्हणजे जवळपास सतरा महिने पनवेलच्या नोकरदारांचा मुख्य रस्ता बंद किंवा अर्धवटच खुला होता.

गंमत म्हणजे नोडची मूळ कल्पना जितकी अमलात आली, तितकी ती उपयोगी पडली. सेक्टरमधली बाजारपेठ चालत पाच-सात मिनिटांवर असल्यामुळे मे २०२० मध्ये वाशीचं एपीएमसी मार्केट आठवडाभर बंद ठेवलं तरी कामोठ्यात घराजवळ काही ना काही मिळत होतं. शहर लहान लहान तुकड्यांत स्वयंपूर्ण असेल तर एक तुकडा बंद पडला म्हणून सगळं कोलमडत नाही. नियोजनावरच्या पुस्तकांत यालाच लवचीकता म्हणतात.

प्लेगने आखलेले रस्ते

साथीने शहर बदलण्याचं आपल्या जवळचं उदाहरण मुंबईतच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी ब्युबॉनिक प्लेग ओळखला. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी साथरोग प्रतिबंधक कायदा आला. २०२० मध्ये आपल्यावर जो लागू झाला तो हाच, १८९७ चा.

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा आत यावी म्हणून दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत आखीव वस्ती झाली. पाच उद्यानांच्या भोवतीचा तो हिरवागार माटुंगा आपण रीलमध्ये बघतो ना, त्याच्या मुळाशी प्लेग आहे. पण याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. ट्रस्टने जितक्या गरिबांच्या खोल्या पाडल्या तितक्या नव्या बांधल्या नाहीत. हटवलेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीवाटीने राहायला लागली. हवेशीर वस्ती कुणाला मिळाली आणि तिची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न तेव्हाही होता.

गर्दी वेगळी, दाटी वेगळी

कोविडच्या वेळी एक वाक्य सारखं कानावर पडायचं, ‘इतकी लोकसंख्या आहे, होणारच.’ हे अर्धंच खरं आहे. धारावी जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची, लाखोंची वस्ती, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी हात टेकले होते. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं. घरोघरी तपासणी, स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेणं, शाळा-हॉलमध्ये विलगीकरण. रचना बदलता आली नाही, पण माणसं आणि जागा वेळेत जोडता आल्या.

शहरात माणसं जास्त असणं हा मूळ प्रॉब्लेम नाही. एका खोलीत किती, त्या खोलीत वारा किती, ऊन किती, हे महत्त्वाचं. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोहोचत नाही. तिथे क्षयरोगाचं प्रमाण शेजारच्या, तुलनेने मोकळ्या बांधणीच्या पीएमजी कॉलनीपेक्षा बरंच जास्त आढळलं. झोपडी गेली, पक्कं घर आलं, लिफ्ट आली. आणि टीबी राहिला!

आता हाच चष्मा लावून आपल्याकडे बघा. कामोठे, करंजाडे, उलवे, कुठल्याही नव्या बिल्डिंगचं ब्रोशर उघडा. स्विमिंग पूल, जिम, ‘इटालियन मार्बल फिनिश’. मधल्या फ्लॅटच्या किचनची खिडकी डक्टमध्ये उघडते हे मात्र फ्लॅट बघायला गेल्यावरच कळतं. बाल्कनी हॉलमध्ये घेतलेली असते, उरलेल्या खिडकीला बॉक्स ग्रिल, त्यात कुंड्या, सायकल, सिलिंडर. २०२० मध्ये आपण दाराच्या कड्या आणि भाज्या सॅनिटायझरने पुसत बसलो, पण खरा मामला हवेचा होता. समोरासमोर दोन खिडक्या असलेलं घर कोविडमध्येही बरं आणि मे महिन्यातल्या उकाड्यातही बरं, शिवाय एसीचं बिल कमी. एकाच खिडकीत आरोग्य, ऊर्जा आणि पैसा तिन्ही येतात. पण चौरस फुटांच्या दरात आर-पार वाऱ्याला कॉलमच नाही.

जुन्या पनवेलमध्ये, लाइन आळी-प्रभू आळीच्या बाजूला, अजून काही जुनी घरं उभी आहेत. पुढे ओटी, मागे परस, मध्ये उजेड. बाहेरून आलेल्याने पाय धुऊनच आत यायचं, पाहुणा ओटीवरच बसायचा. (याचा एक धागा सोवळ्या-ओवळ्यापर्यंत जातो, त्यामुळे ‘आपले पूर्वज किती ग्रेट’ हा फॉरवर्ड कृपया पाठवू नका.) पण बाहेर आणि आत यांच्यामध्ये एक अधलीमधली जागा असते, ही गोष्ट आपल्या वन-बीएचकेमध्ये गायब झालीय. दार उघडलं की सरळ सोफा. घरात कुणी पॉझिटिव्ह आलं की बेडरूम त्याची आणि उरलेले चार जण हॉलमध्ये. त्याच हॉलमध्ये एकाचं ऑनलाइन लेक्चर, एकाचं वर्क फ्रॉम होम आणि आजीची मालिका.

चार्ल्स कोरियांनी याचं उत्तर सीबीडी बेलापूरला बांधून ठेवलंय. आर्टिस्ट व्हिलेज, १९८० च्या दशकातलं. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून एकवीस घरं एका मोठ्या अंगणाभोवती, असं करत करत पुढे ओढ्याकाठची मोकळी जागा. कुठल्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही. सगळं बैठं किंवा एखादा मजला, तरीही साडेपाच हेक्टरच्या आसपास जागेत साडेपाचशे कुटुंबं. म्हणजे टॉवर न बांधताही दाट वस्ती होऊ शकते आणि प्रत्येकाला आकाशाचा तुकडा मिळू शकतो. नंतर तिथल्या अनेक घरांचे बंगले झाले ते सोडा. आर्किटेक्चरची पोरं तिथे स्टडी टूरला जातात, आपण हार्बर लाइनने त्याच्या शेजारून रोज जातो.

गच्चीची किल्ली

लॉकडाउनमध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात मोठं भांडण पाण्यावरून झालं नाही, मेंटेनन्सवरून नाही, गच्चीच्या किल्लीवरून झालं. गच्चीला कुलूप. कारण ‘पोरं वर जाऊन गोंधळ घालतात.’ सत्तर कुटुंबांना उघड्यावर उभं राहायची ती एकच जागा, आणि तिला कुलूप. शेवटी मजल्याप्रमाणे अर्धा-अर्धा तास ठरला. माझ्या आजीने त्या अर्ध्या तासात आयुष्यात पहिल्यांदा कर्नाळ्याचा सुळका इतका नीट पाहिला. एरवी धुरकट हवेत तो पुसट असतो.

मोकळी जागा ही चैन नाही, हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं. १८ जुलै २०२१ ला खारघरच्या डोंगरावर ओढ्याला पूर आल्याने ११६ जण अडकले, त्यात बायकाच जास्त होत्या, मुलंही होती. अग्निशमन दलाने शिडीवरून त्यांना खाली आणलं. बंदी असताना गेले, म्हणून सोशल मीडियावर त्यांना खूप शिव्या पडल्या. बंदी मोडली हे चूकच. पण सव्वा वर्ष चार भिंतींत बसलेली माणसं पहिल्या पावसात डोंगराकडे का धावली, हेही विचारायला हवं होतं. केंद्र सरकारच्या शहर नियोजनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हणतात. खारघरकडे सेंट्रल पार्क आहे, डोंगर आहे. कामोठ्यातल्या माणसाने बारा चौरस मीटर कुठे शोधायचे?

जुन्या पनवेलची श्रीमंती म्हणजे तलाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे. नावंच काय भारी आहेत! शहराच्या मधोमध इतकं पाणी फार कमी गावांना मिळतं. वडाळे तलावाचं महापालिकेने सुशोभीकरण केलं आणि आता संध्याकाळी तिथे बल्लाळेश्वराला आलेल्या आज्या, स्केटिंगची पोरं, कॉलेजचे कट्टे असं सगळं पनवेल भेटतं. पण तलाव म्हणजे फक्त सेल्फी पॉइंट नाही. तो पावसाचं पाणी धरतो, आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवतो, उन्हाळ्यात हवा गार ठेवतो. सिडकोने कळंबोलीसारख्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेल्या वसाहतींसाठी डचांच्या धर्तीवर धारण तलाव केले. भरतीला दरवाजे बंद, पावसाचं पाणी तलावात, ओहोटीला बाहेर. गाळ साचला की ही सगळी यंत्रणा कोलमडते. आणि पूर ओसरला की मागे डेंग्यू, लेप्टो येतात. गाढी नदीने २००५ मध्ये पनवेलमध्ये काय केलं ते घरच्यांना विचारा. साथ आणि पूर या दोन वेगळ्या फायली आहेत असं फक्त सरकारी कपाटालाच वाटतं.

पाण्याचं तर विचारूच नका. वीस सेकंद हात धुवा म्हणून कॉलर ट्यून वाजत होती तेव्हा एप्रिल-मे चालू होता. जुन्या पनवेलला पाणी देणारं देहरंग धरण दर उन्हाळ्यात तळ गाठतं आणि पाणी दिवसाआड होतं. टँकर आला की बादल्या घेऊन गर्दी. डिस्टन्सिंगचं काय होणार?

कोनमधल्या रिकाम्या खोल्या

या सगळ्यात पनवेलची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर कोन गावाजवळ एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या घरांच्या योजनेत इमारती उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचं घर. डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी अशा २,४१७ घरांची सोडत निघाली. १९८२ च्या संपानंतर ज्यांचं आयुष्य विस्कटलं त्या कामगारांना, त्यांच्या वारसांना हक्काचं घर मिळणार होतं. ताबा रखडला आणि २०२० मध्ये त्याच इमारती विलगीकरण केंद्र झाल्या.

साथीच्या नजरेने बघितलं तर ती रिकामी घरं होती म्हणून पनवेल वाचलं. हजारोंना वेगळं ठेवायला जागा दुसरीकडे नव्हती. उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्यातलं एमजीएम कोविडसाठी घेतलं गेलं, नंतर कळंबोलीत कापूस महामंडळाच्या गोदामात खाटा टाकल्या गेल्या. कामगारांच्या नजरेने बघितलं तर शहराची आणीबाणी पुन्हा एकदा त्यांच्या खिशातून भागवली गेली. घरांची दुरवस्था झाली, दुरुस्ती कोण करणार यावर वाद झाले आणि चाव्या हातात पडायला आणखी काही वर्षं गेली. सोडतीच्या वेळी सत्तरीत असलेल्या माणसाला ‘आणखी काही वर्षं’ म्हणजे काय?

त्याच मे महिन्यात पनवेल स्थानकातून श्रमिक गाड्या सुटत होत्या आणि हायवेवरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत होती. ज्यांनी इथले टॉवर बांधले त्यांना इथे परवडेल अशी भाड्याची खोली नव्हती. काम थांबलं त्या दिवशी मुक्कामही संपला. शहराला हाताशी राखीव जागा हवी, हा धडा कोनने दिला. पण ती कुणाच्या तरी हक्काच्या घरातून काढायची नसते. नाट्यगृह, शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय बांधतानाच त्यात पुरेसा वारा, जास्तीचे नळ, स्वच्छतागृहं, ऑक्सिजनच्या पाइपला जागा ठेवली तर खर्च फार वाढत नाही. एरवी तिथे अभ्यासिका चालवा. लायब्ररीत जागा मिळावी म्हणून सकाळी सातला रांगेत उभे राहणारे एमपीएससीवाले दुवा देतील.

१८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली, राज्यातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. महापालिका मात्र १ ऑक्टोबर २०१६ ची, म्हणजे आपल्यापेक्षा लहान. ११० चौरस किलोमीटर, जुनं गाव, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावं एका छताखाली. रस्ता कुणाचा, गटार कुणाचं, कर कुणाला, यात वर्षं गेली. पण महापालिका असण्याचा एक फायदा आहे. शहराचा विकास आराखडा तिच्या हातात असतो, आणि १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा जाहीर झाल्यावर ठरावीक मुदतीत कुणीही हरकत-सूचना देऊ शकतं. कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा. जमीन नावावर असावी लागत नाही. नकाशात हिरव्या रंगात बाग, मैदान दाखवलेलं असतं, निळ्यात तलाव, आणि आरक्षणाचा नंबर. आपल्या सेक्टरवर बोट ठेवायचं, घरापासून चालत दहा मिनिटांत हिरवं काय आहे ते बघायचं, मग प्रत्यक्ष जाऊन तिथे बाग आहे की पार्किंग ते बघायचं. बाग नसेल तर आरक्षण क्रमांक टाकून साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहायचा, आवक-जावक विभागात द्यायचा आणि पोच घ्यायला विसरायचं नाही. सुनावणीला बोलावतात. तिथे जमीनमालक आणि बिल्डरांचे वकील फाइल घेऊन बसलेले असतात, कॉलेजची पोरं सहसा नसतात.